पॅसिफाय म्हणजे नक्की काय?

अक्का, मी दोहाला निघाले तेव्हा तू बेबीला वासरू दाखवायला म्हणून गोठ्यात घेऊन गेलीस. जाताना मला हळूच म्हणालीस, "मागे वळून बघू नकोस गो, मी आहे ना!" मी नाही बघितलं. पण चिपळूणला एस्टीत बसल्यावर कंडक्टरने कुठे जायचं विचारलं, तर मी उघडी पर्सच त्याच्यापुढे धरली.

तीन वर्षांची पोर बहिणीकडे टाकून नवऱ्याकडे चालली, असं गावात बोलले असतील. बोलू देत. इथे ह्यांना एका खोलीत निम्मी जागा मिळाली होती. मधे चादर बांधलेली आणि पलीकडे दुसरं जोडपं. तिथे पोर कुठे ठेवणार? मोठी जागा मिळाली की आणू, असं ठरलं. घरमालकाला विचारलं की तो छातीवर हात ठेवून म्हणायचा, "इन्शाल्ला." त्या इन्शाल्लाला दोन वर्षं लागली, माझे बाई!

मग दोहातच फरीज बिन ओमरान नावाच्या वस्तीत दोन खोल्या मिळाल्या आणि हे सुट्टीत गावी जाऊन बेबीला घेऊन आले. एअरपोर्टवर मी तिला उचलायला धावले, तर ती ह्यांच्या पायामागे गेली. घरी आल्यावर अगदी शहाण्या मुलीसारखी म्हणाली, "आई, तुम्ही मला पाणी द्याल का?"

तुम्ही! माझ्या पोटची पोर मला पाहुण्या बाईसारखं 'अहो-जाहो' करत होती. तू तिला चांगलं वळण लावलंस गं, तुझा काय दोष? पण मला तेव्हा तुझाही राग आला होता, खोटं कशाला बोलू?

तिला इंग्रजी शाळेत घातलं. महिन्याभरात मिसने मला बोलावलं. बेबी कोपऱ्यात बसून मुसमुसते, एवढं कळलं. शेवटी मिस म्हणाली, "ॲट होम यू मस्ट पॅसिफाय हर." मी "यस मिस, यस मिस" करत बाहेर पडले. पॅसिफाय म्हणजे काय, देवाला ठाऊक! औषधबिषध असेल असं वाटलं. हे इंडस्ट्रियल एरियातल्या वर्कशॉपमधून कंपनीच्या बसने संध्याकाळी यायचे, तोवर मला कुठला धीर निघतोय? कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्या मल्याळी भाईला सांगितलं, "बच्ची के लिए पॅसिफाय चाहिए."

"अच्छा, पॅसिफायर!" म्हणत त्याने गंभीरपणे तान्ह्या बाळाची गुलाबी रबरी चोखणी काढून दिली. बच्ची कितने साल की, विचारलं. पाच, म्हटल्यावर माझ्याकडे बघतच राहिला. "सिस्टर, अब ये आदत खलास करो."

मी ती चोखणी बेबीसमोर ठेवली. "तुझ्या मिसने द्यायला सांगितलंय." तिने एकदा चोखणीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि खो खो हसत सुटली. "मी काय तान्ही आहे?" दोहात आल्यापासून पहिल्यांदा हसली, अक्का. मीही हसले.

संध्याकाळी ह्यांनी अर्थ सांगितला. "अगं, पॅसिफाय म्हणजे शांत करणे." मी भडकलेच. पोर काय स्टोव्ह आहे, शांत करायला? आपण रडत्या पोराची समजूत काढतो. पण समजूत काढायची तर पोराने आधी रुसायला हवं, भांडायला हवं, आणि रुसायला माणूस आपलं वाटावं लागतं. ही माझ्यावर रुसतच नव्हती. तेच तर माझं दुखणं होतं!

पुढे एके दिवशी वेणी घालताना तिने मान न वळवता विचारलं, "तुम्ही मला सोडून का आलात?" खोली, चादर, घरमालक, सगळं उत्तर माझ्याकडे तयार होतं. पण कंगवा हातात धरून मी ढसाढसा रडले. मोठ्या बाईने पोरीसमोर असं रडावं का? पण आवरेचना.

ती वळली. अर्धी वेणी तशीच सुटलेली. माझ्या गालावरून हात फिरवत म्हणाली, "उगी, आई. उगी. रडू नकोस ना!"

'नका' नाही म्हणाली गं. 'नकोस' म्हणाली.

गाव विचारलं तर मी अजून चिपळूणच सांगते. पण माझं घर कुठलं, असं कुणी विचारलं, तर ते त्या दिवशी फरीज बिन ओमरानच्या दोन खोल्यांत झालं. तोवर ती नुसती भाड्याची जागा होती.