आळंदच्या अड्ड्यावरची निराळी मोटार

गुलबर्ग्याचा किल्ला पाहायचा राहिलाच, हे पंचेचाळिशीत अचानक जाणवलं आणि उमरग्याहून बैलगाडीने आळंद गाठलं. कुणाला हा प्रवास करायचा असेल तर तुरीची सुगी टाळावी. त्या दिवसांत मोटारीत आधी पोती बसतात, मग माणसं.

आळंदच्या अड्ड्यावर चार मोटारी उभ्या होत्या. मालक निरनिराळ्या विलायती कंपन्यांची नावं छाती फुगवून सांगत होते. पण पुढचं नाक सोडलं तर त्यांतल्या तिघी जुळ्या बहिणी. तोच उंच लाकडी डबा, छतावर तोच कठडा, मागे तीच शिडी. न्यायशास्त्र शिकताना घट आणि घटत्व, म्हणजे मडकं आणि त्याचं मडकेपण, यांवर मी बरीच वर्षं घालवली. मोटारत्व असं डोळ्यांसमोर उभं राहील असं वाटलं नव्हतं.

चौथी मात्र बुटकी, काळी, गोल पाठीची, काचांच्या खिडक्यांची. आणि रिकामी.

"या की पंतोजी, आठ आणे हाली," तिचा मालक शिवण्णा निजामी नाण्यातलं भाडं सांगत म्हणाला.

"बाकीच्या भरल्या, तुमचीच रिकामी का, अण्णा?"

"गर्दीत माझी वळखू यावी म्हनून निराळी बांधून घेतली. दोन बैलजोड्या इकल्या हिच्यापायी. आता मान्सं जवळ यायनात. अशीच चालली तर औत धरावं लागतंय, अन् बैल तर न्हाईत."

मी बसलो. या रस्त्यावर पाय पसरून प्रवास करणारा बहुधा मी पहिलाच.

वाटेत एका गावी लिंबाखाली दहाबारा माणसं थांबली होती. मोटार दिसताच पाटलाने वहाणा काढून मला वाकून सलाम केला. बाकीचे झाडाआड झाले.

"अवो चढा की! सर्विसची हाय, भाड्याची!" शिवण्णा ओरडला.

"सायबाच्या मोटारीत घालून चावडीवर न्यायलास व्हय रं?" एक म्हातारी म्हणाली. "म्यां काय केलंय?"

"अक्का, हे सायब न्हाईत, भटजी हायत!"

"भटजी? कोन मेलंय?"

शिवण्णाने मोटार पुढे दामटली. गुलबर्ग्यात शिरताच त्याने मोटार थेट मोटारींचे डबे बांधणाऱ्या रहीम मिस्त्रीच्या आवारात घातली. तिथे तीन कंपन्यांचे तीन उघडे सांगाडे उभे होते.

"कंपनीवाले चाकां भेजते साब, मोटार तो मैं बनाता," मिस्त्री म्हणाला. त्याचा हिशेब सोपा: तुरीचं पोतं आडवं मावलं पाहिजे, पटका छताला घासता कामा नये, ओढ्यात पाणी आत येता कामा नये. पोतं, पटका आणि ओढा सगळ्यांना एकच. मग डबा दुसरा कसा होणार?

शिवण्णाने त्या गोल पाठीवरून एकदा हात फिरवला. "काप," म्हणाला, आणि करवतीचं दुसरं टोक स्वतःच धरलं.

किल्ला पाहिला. तोफ फार लांब, सावली फार थोडी, सकाळीच जावं. खानावळीतली ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगाचटणी आठवडाभर दोन्ही वेळा खाल्ली, तक्रार नाही.

आठव्या दिवशी परतायला गुलबर्ग्याच्या अड्ड्यावर आलो, तर चार मोटारी, चौघी जुळ्या. प्रत्येकीत डोकावत होतो, तेवढ्यात एकीतून हाक आली, "पंतोजी!" शिवण्णा सुकाणूच्या चाकाशी दोन पोत्यांच्या मध्ये चेपून बसला होता. "जागा न्हाई हो! पाय ठिवायला बी न्हाई!" हे सांगताना तो इतका फुलला होता की मला धड रागावताही आलं नाही. शेजारच्या मोटारीत घुसलो. ती कुणाची होती, देव जाणे.

घरी मुलीने विचारलं, "आबा, मोटार कशी होती?"

गोल पाठ, काचा, पाटलाचा सलाम सांगायला तोंड उघडलं, आणि ती मोटार आता कुठेच नाही हे आठवलं.

"मोटारीसारखी," मी म्हणालो.