तो कॅच आणि वॉर्डातला फोन
परवा लॉफ्ट आवरताना ती व्हिडिओ कॅसेट हाती लागली. एडिनबराजवळच्या एका हॉस्पिटलात असताना आम्ही दोघे मराठी डॉक्टर अमेरिकन फुटबॉलच्या मॅचेस टेप करून डॉक्टरांच्या मेसमध्ये, म्हणजे विश्रांतीच्या खोलीत, बघायचो. ही टेप बघत होतो त्या रविवारी रेफरीने एक कॅच नाकारला. "बरोबर आहे, बॉल टेकलाय जमिनीला," मी म्हणालो. "डोळे फुटले का रे तुझे? हात आहे त्याचा बॉलखाली!" मित्र ओरडला. तेवढ्यात वॉर्डातून सिस्टरचा फोन आला. कोपऱ्यातल्या आजोबांना धाप लागली होती. ऑन-कॉल मीच होतो. "पाच मिनिटांत येतो," म्हणालो आणि टेप पुन्हा मागे नेली. मग आणखी एकदा. मग आणखी एकदा. पोचलो तेव्हा आजोबा गेले होते; सिस्टर पलंगाभोवतीचा पडदा ओढत होती. बॉल टेकला होता की नाही, मला आजही सांगता येणार नाही. फोन मात्र सहा वाजून बारा मिनिटांनी आला होता, ते पक्कं आठवतंय.