नव्या मुख्यमंत्र्यांची योग्य वेळ

नवे मुख्यमंत्री खुर्चीत बसले आणि आमच्या शहाडच्या शाळेतल्या स्टाफरूममध्ये एकच विषय सुरू झाला: हा माणूस मुदत पूर्ण करणार, की विधानसभा बरखास्त करून लगेच निवडणूक घेणार?

"आता लोक खूश आहेत त्याच्यावर. घेऊन टाकेल बघा," गणिताचे सर म्हणाले.

मानपाड्याच्या घरी माझी लेक पहिल्या बाळंतपणासाठी आलेली, बीपी वाढलेलं. जावई जहाजावर, तिचे वडील गेलेले. घरात आम्ही दोघीच. आणि निवडणूक म्हटली की शिक्षकांना ड्युटी आलीच. मागच्या खेपेला मला खडवलीच्या पुढचं केंद्र दिलं होतं. आदल्या दिवशी मशीन घेऊन गेलेली मी ते जमा करून तिसऱ्या दिवशी पहाटे घरी टेकले. फोन बहुतेक वेळ बंदच. लेकीचं बाळंतपण आहे म्हणून ड्युटी रद्द करा म्हटलं, तर साहेब म्हणणार, बाई, प्रत्येकाच्या घरी काहीतरी असतंच.

मग मला बातम्यांचं वेडच लागलं. मुख्यमंत्री दिल्लीला गेले, की माझा जीव टांगणीला. कुठे भूमिपूजन केलं, की मी चिडायची, झाली याची प्रचाराची तयारी! लेक मात्र आरामात कैरी खात मला हसायची.

एका संध्याकाळी मुख्यमंत्री टीव्हीवर आले. पत्रकारांनी थेट विचारलं, निवडणूक कधी? ते गोड हसले. "योग्य वेळी निर्णय घेऊ."

"मेल्या, योग्य वेळ म्हणजे कधी?" मी टीव्हीवरच ओरडले.

"निवडणुकीला घाबरला तो," लेक म्हणाली. "नव्या माणसाने आधी लोकांसमोर जायला हवं. तूच शिकवायचीस ना आई, नागरिकशास्त्रात?"

शिकवायचे. आजही शिकवते आणि मला ते पटतंही. पण त्या क्षणी मला लोकशाहीचं काही पडलेलं नव्हतं.

"जाऊ दे की लोकांसमोर," मी म्हणाले. "तुझी सुटका झाल्यावर जाऊ दे."

मला वाटलं, आता ही हसेल. तिने कैरीची वाटी बाजूला ठेवली आणि माझा हात घट्ट धरला.

"आई, तुला ड्युटी लागली तर माझ्याजवळ कोण असेल गं?"