आपाचा आकडा

हे माझ्या बायकोला माहीत नाही. आईला नाही. वसीमला तर नाहीच, कारण गोष्टच त्याची आहे. तुम्हाला सांगतोय ते तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. ओळखीच्या माणसापुढं बसून हे तोंडातून काढायची माझी छाती नाही — एवढं आधीच कबूल करतो. म्हणजे पुढं कुठं मी धीट वाटलो, तर तुम्हीच मला टोका.

मी धारूरचा महेश. बाजारात माझं मोबाइलच्या सामानाचं दुकान आहे. त्याला लागून वसीमचं मोटरसायकलचं गॅरेज, आधी त्याच्या अब्बांचं होतं. मधे एकच भिंत, आणि तीही असून नसल्यासारखी, कारण वसीमचा आवाज. तो प्लग साफ करताना बोलायचा, पंक्चर काढताना बोलायचा, गिऱ्हाईक कंटाळून चहाला गेलं की गाडीशी बोलायचा. त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही, असं सगळा बाजार म्हणायचा. हसून म्हणायचा. मीही म्हणायचो.

त्याची मोठी बहीण शमा. तिला आम्ही दोघंही आपा म्हणायचो. लहानपणी जत्रेतून मी विटा रचायचा एक गेम आणला होता, हातात मावेल एवढा. दुसऱ्याच दिवशी तो बंद पडला आणि मी गॅरेजच्या पायरीवर रडत बसलो. आपानं अब्बांच्या पेटीतला पेचकस घेतला, तो उघडला, तुटलेली तार डाग देऊन जोडली आणि माझ्या हातात दिला. मला यंत्रांचा नाद लागला तो त्या पायरीवर. पुढं ती इलेक्ट्रॉनिक्स शिकली. गल्लीतली पहिली मुलगी पुण्याला नोकरीला गेली ती हीच. अब्बांना लोकांनी काय काय ऐकवलं! त्यांनी ऐकून घेतलं आणि तिला स्वतः घाटाखाली गाडीत बसवून आले.

पुण्याजवळ एक लहानशी लॅब होती. यंत्रं उन्हात, धुळीत, दमट हवेत ठेवून ती किती तापतात, कुठं बिघडतात, ते तिथं तपासायचे. आपाचं काम तेच.

आता माझ्याबद्दल. दुपारी बाजार ओस पडला की मी मोबाइल घेऊन बसायचो. इंटरनेटवर एक इंग्रजी अड्डा होता, गेमच्या वेड्या लोकांचा. तिथं मी एक गोऱ्या माणसासारखं नाव घेतलं होतं. धारूर कुठं, ते कुठं! पण तिथं कुणी विचारत नव्हतं तू कुठला. फक्त विचारायचे — तुला काय ठाऊक आहे? आणि मला काहीच ठाऊक नसायचं.

त्या वर्षी सगळा अड्डा एकाच गोष्टीनं पेटला होता. एका मोठ्या परदेशी कंपनीचं नवं गेमयंत्र येणार होतं. हातात धरा आणि प्रवासात खेळा. घरी आल्यावर स्टँडवर बसवा, की तेच टीव्हीवर चालतं. कंपनी तोंड उघडत नव्हती. मग अंदाज. आत चिप कोणती, मेमरी किती, हातात असताना वेग किती आणि स्टँडवर बसवल्यावर किती. कुणी म्हणे माझ्या मित्राचा मित्र कारखान्यात आहे. कुणी कस्टमच्या कागदाचा धूसर फोटो टाकायचं. भांडणं, शिव्या, पैजा. माणसं तिकडं दिवसच्या दिवस घालवायची, आणि मीही. हसू येईल तुम्हाला. एका खेळण्यासाठी? — हो. एका खेळण्यासाठी.

ईदला आपा घरी आली. दरवर्षीसारखा मी शीरखुर्मा खायला गेलो. अम्मी आत होत्या, अब्बा बाहेर लोकांत. खाली अंथरलेल्या दस्तरखानावर आपा, वसीम आणि मी. मीच विषय काढला, त्या यंत्राचा. आपा गालात हसली. मग म्हणाली, "आमच्याकडं आलंय ते."

वसीमचा चमचा वाटीतच राहिला.

"हातात घेतलंस तू, आपा?"

"रोज घेते." आणि मग तिला राहवलं नाही. तिच्या कामाची एवढी उत्सुकता दाखवणारं त्या घरात कोण होतं? आम्हीच दोघं. तिनं सांगितलं, स्टँडवर बसवलं की पंखा कसा घोंगावतो, धुळीनं कुठं गुदमरतो. आणि बोलता बोलता तो आकडा सांगितला — स्टँडवर असताना चिप किती वेगानं पळते, तो. शेवटी दोन विचित्र अंक असलेला लांबलचक आकडा. तो मी इथं लिहीत नाही. अजूनही लिहायला हात होत नाही.

लगेच तिनं दोघांकडं बोट रोखलं. "बाहेर कुठं बोलायचं न्हाई. माझी नोकरी जाईल. वसीम, तुला सांगते मी, तुला."

वसीमनं कान पकडले. मला तिनं सांगितलंच नाही. मला सांगायची गरज तिला वाटली नाही.

तो आकडा मी अड्ड्यावर टाकला.

कधी, कसा, ते सांगत बसत नाही. घरी पोहोचून चप्पलसुद्धा काढली नव्हती. लिहिलं — माझ्या खात्रीच्या माणसाकडून कळलंय. बस. मला यातून काय मिळणार होतं? काही नाही. कुणीतरी एकदा म्हणावं, की याला ठाऊक आहे. एवढंच हवं होतं.

आणि म्हणाले की! त्या एका आकड्यावरून लोकांनी अख्खं यंत्र उभं केलं. एवढा वेग म्हणजे चिप अमुक, चिप अमुक म्हणजे बॅटरी तमुक. तक्ते निघाले. व्हिडिओ निघाले. जगभरातली माणसं माझ्या खोट्या नावाला मान देऊन प्रश्न विचारू लागली. मी दुकानात कव्हर विकत होतो आणि छाती फुटेल की काय असं वाटत होतं — आनंदानं. भीती नव्हती. हे मुद्दाम सांगतो. भीती नव्हती.

मग एका दुपारी वसीम तेलकट हातांनी मोबाइल धरून माझ्या दुकानात आला. कुठल्यातरी व्हिडिओत तो आकडा आला होता.

"महेश, बघ बे. आपाचा आकडा हाय ह्यो. जसाच्या तसा!" त्याचा चेहरा उतरला होता. "फोन करून सांगू का तिला?"

भीती मला पहिल्यांदा वाटली ती त्या वेळी. मी काय म्हणालो?

"सांगू नको. उगं घाबरंल ती. हजार जण हजार आकडे फेकत्यात, एखादा लागतोच."

त्यानं ऐकलं. माझं तो नेहमी ऐकायचा. आपाला त्यानं फोन केला नाही.

थोड्याच दिवसांत ती परत आली. सणवार नसताना. मी आणि वसीम गॅरेजच्या दारात उभे होतो, तर ती रिक्षातून उतरली, आणि सोबत सगळं सामान होतं — गादीसुद्धा. ती आमच्या दोघांकडं न बघता मागच्या घरात गेली.

संध्याकाळी मला बोलावणं आलं. का गेलो? नाही गेलो तर संशय येईल म्हणून. अब्बा खाटेवर बसले होते. अम्मी दारात. आपा उभी होती आणि अगदी सावकाश बोलत होती, जणू तिला स्वतःलाच समजून घ्यायचं होतं. लॅबमधल्या प्रत्येकाला दिलेल्या कागदावर तो आकडा थोडा वेगळा छापला होता. कुणाच्या कागदावर शेवटचे अंक हे, कुणाच्या कागदावर ते. खरा आकडा कुणालाच दिला नव्हता. कुणी फोडला तर कुणी फोडला ते कळावं म्हणून. तिला एका खोलीत बसवून इंटरनेटवरचा आकडा दाखवला, मग तिचा कागद शेजारी ठेवला. कुणी ओरडलं नाही. ओळखपत्र काढून घेतलं आणि दारापर्यंत सोडायला एक माणूस दिला. आता त्या कामात तिला दुसरीकडं कुणी उभं करणार नव्हतं.

मला आठवतं, मी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत होतो. ते बंद होतं की चालू, हे काही कळलं नाही.

"मी फक्त ह्या दोघांत बोलले," आपा म्हणाली. मग वसीमकडं वळली. "तुला म्हाईत होतं का, ते बाहेर आलंय?"

वसीमला खोटं बोलता येत नाही. "व्हय. व्हिडिओ बघितलता."

"मग मला सांगितलं का न्हाईस?"

त्यानं माझ्याकडं पाहिलं. एकदाच. त्यानं म्हणायचं होतं ना — महेश म्हणाला सांगू नको! खरंच तर होतं. पण त्यानं ते म्हटलं नाही. मला त्यात ओढायचं नव्हतं त्याला. आणि मी — कुणी काही विचारलेलं नसताना — मी म्हणालो,

"गॅरेजात माणसं येत्यात-जात्यात, आपा. बोलता बोलता निघून गेलं असंल तोंडातून."

मवाळ आवाजात. त्याची बाजू घेतल्यासारखं.

अब्बा उठले आणि त्यांनी वसीमच्या थोबाडीत मारली. बायकोपोरं असलेल्या मोठ्या माणसाला. तो हललाही नाही. "मी न्हाई बोललो," एवढंच म्हणत राहिला. पण त्याच्यावर विश्वास कोण ठेवणार? त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे सगळ्या बाजाराला माहीत होतं.

तुम्हाला वाटेल हेच ते. नाही. इथवर मी भित्रा होतो, लबाड होतो. पुढचं त्याहून वाईट आहे.

आपा शेजारच्या तालुक्याच्या गावी एका दुकानात शेतातले सोलर पंप चालवणारे विजेचे डबे दुरुस्त करू लागली. एसटीनं जायची, एसटीनं यायची. वसीम ज्या खोलीत असेल तिथून ती उठून जायची. महिने गेले. यंत्र बाजारात आलं, वेग भलताच निघाला. अड्ड्यावर माझ्या खोट्या नावाला लोकांनी थापाड्या म्हणून शिव्या घातल्या. मी ते खातं बंद केलं. वाटलं, संपलं.

सीताफळांचे दिवस होते. बाजार फळांच्या पाट्यांनी भरलेला, आणि आमच्या कोपऱ्यात मात्र शांत. वसीम आला, माझ्या स्टुलावर बसला. खूप बारीक झाला होता.

"महेश, एक विचारू का? खरं सांग." तो हात पुसत राहिला, पुसून झाले तरी. "लई आठवून बघितलं. मी कुणाला बोललतो का रे? तू तर रोज हितंच असतोस. तुला ऐकू येतं सगळं. तुला आठवतं का?"

तो आरोप करत नव्हता. भांडायला आला नव्हता. त्याला स्वतःच्या डोक्यावर भरवसा राहिला नव्हता, आणि तो माझ्याकडं उसना मागत होता.

एक शब्द पुरला असता. 'नाही' — एवढाच. स्वतःचं पाप सांगायचीसुद्धा गरज नव्हती. नाही वसीम, तू कुणाला बोलला नाहीस. एवढं म्हटलं असतं तर तो माणूस उठून चालायला लागला असता.

मी म्हणालो, "ईदनंतर एकजण आलता बघ. काळी गाडी. पुण्याचा होता. त्याच्यासंग तू आपाच्या नोकरीचं बोलत होतास. आकड्याचं बी बोललास वाटतं."

असा कुणी आला नव्हता. गाडी नव्हती. मी तो माणूस तिथल्या तिथं घडवला.

वसीम खाली बघत राहिला. आणि मग — हे मी पाहिलंय, म्हणून सांगतो — त्याला ते आठवायला लागलं. त्याच्या चेहऱ्यावर आलं ते. न घडलेलं.

"हां," तो हळूच म्हणाला. "काळी गाडी. हां बे. असंल." मग त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "बरं झालं सांगितलंस. डोकं फुटायची येळ आलती."

तो तसाच घरी गेला आणि आपाच्या पायाशी बसला. मीच बोललो, म्हणाला. माफ कर. सगळ्या घरादेखत. अब्बा रडले म्हणे. आपानं माफ केलं. पण तिनं त्याला पुन्हा स्वतःचं काही सांगितलं नाही, तब्येतीचं नाही, कामाचं नाही. आणि वसीमनं बोलणं टाकलं. आता गॅरेजमधून फक्त पान्यांचा आवाज येतो. गिऱ्हाईकं म्हणतात, सुधारला.

मागच्या महिन्यात आपा माझ्या दुकानात आली. चार्जरची वायर घेतली, जायला वळली, मग थांबली. तिला पुन्हा पुण्याला बोलावलंय, म्हणाली. दुसरी लॅब आहे, जुन्या ओळखीच्या एका बाईनं शब्द टाकलाय. काय काम असणार, कुणाचं यंत्र येणार, तेही हळू आवाजात सांगितलं. तिचे डोळे चमकत होते.

"घरी फक्त पुण्यात दुसरं दुकान धरलंय म्हणून सांगितलंय," ती म्हणाली. "वसीमला तर बिलकूल सांगू नको. तुझ्यावर भरवसा हाय म्हणून बोलले."

मी मान हलवली.

ती पुण्याला गेली. वसीम अधूनमधून दारात येऊन उभा राहतो आणि विचारतो, आपा एवढ्या लांब कामून गेली परत, तुला काई म्हाईत हाय का?

मी म्हणतो, न्हाई बा.