वाळ्याची ताटी

झाशीच्या आमच्या रेल्वे क्वार्टरमध्ये पहिला एसी आला आणि ऐन मे महिन्यात खोली गार होईना. मिस्त्री आला. नाव विचारायचं राहूनच गेलं. बोलताना तो स्क्रूड्रायव्हर कानामागे खोचायचा आणि बोलून झालं की काढायचा.

बाहेरच्या युनिटपाशी जाऊन तो पोट धरून हसला. बिचाऱ्या युनिटला ऊन लागू नये म्हणून आईने त्याला कूलरसारखी वाळ्याची ओली ताटी बांधली होती.

"माताजी, ये कूलर थोड़े ही है! इसका तो दम घुट रहा है."

आईचा चेहरा उतरला. त्याने ताटी सोडली, युनिटची जाळी धुतली आणि दहा मिनिटांत खोली गारठली.

आई त्याला आत बसून पन्हं घ्या म्हणाली. त्याने मात्र तीच ताटी व्हरांड्याच्या दाराला बांधली, तिच्यावर तांब्याभर पाणी मारलं आणि त्या सुगंधी झुळकीत डोळे मिटून खाली बसला.

"एसी तो मेरी रोज़ी है, माताजी. ठंडक तो इसमें है."

आई अशी खुलली म्हणता! पेले घेऊन आम्ही सगळेच त्याच्याशेजारी फरशीवर बसलो. आत एसी एकटाच गार हवा खात होता.