दवाखान्यातली गुप्त माहिती

कॉम्प्युटरमधली फाइल डिलीट करता येते, किस्सा नाही! बारामतीतल्या एका दवाखान्याचे कॉम्प्युटर मी सांभाळतो. पेशंटची माहिती बाहेर फुटली तर कायद्यानं दवाखाना जबाबदार, म्हणून स्टाफला शिकवायचं कामही डॉक्टरांनी माझ्याच गळ्यात मारलं. तेव्हापासून किस्से साठतच चाललेत.

*

पहिला धडा डॉक्टरांनाच! त्यांचा पासवर्ड म्हणजे त्यांच्या गाडीचा नंबर, आणि गाडी दिवसभर दारात उभी. म्हटलं, "सर, आजच बदला."

"बदलतो ना," डॉक्टर गंभीरपणे म्हणाले, "नवी बुक केलीय!"

*

स्टाफची परीक्षा म्हणून मी एक खोटा मेसेज सोडला. 'रविवारी सगळ्यांना सुट्टी, नाव नोंदवायला लिंक दाबा.' सगळ्यांनी दाबली! एकटे वॉर्डातले तात्या बचावले. मला भारी कौतुक वाटलं. विचारलं, "कसं ओळखलंत?"

"सुट्टी? आन् आपलं डॉक्टर देणार? तवाच कळलं, लबाडी हाय!"

*

मग नाव पुकारणं बंद करून टोकन नंबर सुरू केले. चौदा नंबर चारदा पुकारला, तरी कन्हेरीचे आबा जागचे हलेनात.

"नाव घ्या की! मी काय कानात बिल्ला मारलेली गाय हाय व्हय?"

"आबा, तुमचा आजार गुप्त राहावा म्हणून..."

"कसला गुप्त? मूळव्याध हाय! समद्या कन्हेरीला ठावं हाय!"

*

रिसेप्शनच्या मंगलताईंचं माहेर लासुर्ण्याचं. एकदा त्यांची सख्खी चुलती मुलगा-सुनेला घेऊन काउंटरवर आली. लग्नाला सहा वर्षं झाली, मूल नाही. दोघांच्याही तपासण्या झालेल्या. डॉक्टरांनी नवरा-बायकोला बसवून रिपोर्ट समजावला होता, पण घरी जाऊन दोघंही गप्प.

"मंगल, मांडीवर खेळवलंय तुला," चुलती म्हणाली. "दोष कुणात हाय, तेवढं सांग. हिच्यात असंल तर पोराचं दुसरं लगीन लावून देते."

सून भिंतीकडं बघत उभी. मला तिथं थांबवेना, पण पायही निघेना.

मंगलताई म्हणाल्या, "काकी, ज्याचा रिपोर्ट, त्याची सही लागती. त्याबिगर मी सख्ख्या आईलाबी सांगायची न्हाय." त्या दिवसापासून माहेरची निम्मी माणसं त्यांच्याशी बोलत नाहीत.

चुलतीनं काउंटरवरचा संमतीचा फॉर्म पुढं ओढला आणि सुनेच्या हातात पेन कोंबलं. "कर सही!"

सून मुकाट्यानं सही करायला वाकलीसुद्धा. तेवढ्यात मुलानं तिच्या हातातून पेन काढून घेतलं.

"आये, तिची न्हाय. माझी सही लागंल."