डोलकाठीखालचे कपडे

नातवंडांनो, आजोबा गेल्याचं मी फोनवर दोनच वाक्यांत सांगितलं. उरलेलं आता लिहिते.

शेवटच्या दुपारीही ते जहाजावरच होते. सगळा जन्म केदारखेड्यात गेला, समुद्र एकदाच पाहिलेला. पण भूगोलाची मास्तरकी संपल्यावर, दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी देवमाशांच्या शिकारीला निघणाऱ्या जहाजांनी त्यांना धरलं ते सोडलंच नाही. जेवताना भाकरी ताटावर आपटायचे. म्हणायचे, "खलाशी बिस्किटातले किडे असेच झाडायचे." एकदा गुऱ्हाळात म्हणाले, "उसाचा रस उसाच्याच चिपाडावर उकळतो ना? तिथे डेकवर भट्टी. माशाची चरबी कढवायची, आणि खाली जाळायला त्याच माशाचा चोथा. काळा धूर, तेलाने माखलेली माणसं..." आजारात ते जणू स्वतःलाच जाळत वाळत गेले तेव्हा मला तो धूर आठवायचा.

त्या दुपारी म्हणाले, "खलाशी मेला की त्याचे कपडे डोलकाठीखाली मांडायचे. सोबतीच बोली लावून घ्यायचे. मग पुढचा सगळा प्रवास त्याच डेकवर मेलेल्याचा कोट हिंडायचा. पाठमोरा दिसला की वाटायचं, आला..." मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "माझे गावातच दे. तू एकटी राहणार."

आमच्याकडे मेलेल्याचे कपडे गावात ठेवत नाहीत. शेजारच्या गंगूबाई ओरडल्याच, "गावात नका देऊ, माय! माणूस मागं फिरतंय. एवढं शिकून तुम्हाला कळंना का?" मी तरीही वाटले. करडा स्वेटर मेंढ्या वळणाऱ्या सोपानला दिला.

थोड्याच दिवसांत गाव बिचकलं. चावडीपाशी, विहिरीवर, बांधावर आजोबा पाठमोरे उभे... वळले की दुसराच चेहरा. मीही दचकायची. पण खिडकीतून हलायची नाही.

परवा सोपान स्वेटरची घडी घेऊन दारात आला.

"वापस घ्या, बाई. बायको जवळ येऊ देईना. म्हणती, सरांवानी हात मागं बांधून चालून राह्यले तुम्ही. मला तं कळतबी न्हाई..."

"रानात थंडी असते ना?"

"लई."

"मग घाल. फक्त सांजच्याला मेंढ्या इकडूनच ने."

"अन् बायकोला काय सांगू?"

"सांग, बाई एकट्या असतात."

त्याने स्वेटर अंगात घातला आणि मेंढ्यांच्या मागे निघाला, हात पाठीशी बांधून. मी फाटकात उभी होते. हाक ओठांवर आली होती, पण मारली नाही. मारली असती तर तो वळला असता...